एका रुग्णाने दाखवलेली वाट

रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावरच्या ‘पीडी-१’ या ब्रेकवरची पकड सोडवली, की शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर तुटून पडते. कल्पना सुरेख होती. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र तिचं हसंच व्हायची वेळ आली. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पीडी-१ रोखणाऱ्या निवोलुमॅब या औषधाच्या चाचणीत या आजाराचे १९ रुग्ण होते. एकालाही गुण आला नाही.

पण त्याआधीच्या एका छोट्या चाचणीत एकाच रुग्णाच्या गाठी पूर्ण नाहीशा झाल्या होत्या. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हा योगायोग म्हणून सोडून दिला नाही. त्या गाठीत डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली होती. चुका साचत गेल्या, की पेशींवर अनोळखी प्रथिनं दिसू लागतात आणि प्रतिकारशक्तीला शत्रू ओळखणं सोपं जातं.

२०१५मध्ये पडताळा आला: पीडी-१ रोखणाऱ्या औषधाने असा बिघाड असलेल्या १० रुग्णांपैकी चौघांच्या गाठी आक्रसल्या, बिघाड नसलेल्या १८ जणांत एकाचीही नाही.

पुढे ‘कीनोट-१७७’ या चाचणीत असाच बिघाड असलेल्या ३०७ रुग्णांवर केमोथेरपी आणि पीडी-१ रोखणारंच पेंब्रोलिझुमॅब हे औषध यांची तुलना झाली. आजार वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ केमोथेरपीने ८.२ महिने, तर पेंब्रोलिझुमॅबने १६.५ महिने होता. जून २०२०मध्ये अमेरिकेत अशा रुग्णांसाठी सुरुवातीचाच उपचार म्हणून पेंब्रोलिझुमॅबला मान्यता मिळाली.

अडचण एवढीच, की आजार पसरलेल्या शंभरांत जेमतेम पाच जणांत हा बिघाड आढळतो. तो आहे का, हे बायोप्सीच्या तुकड्यावरून कळतं. उपचार ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना हा बिघाड ओळखणाऱ्या ‘एमएसआय’ तपासणीबद्दल जरूर विचारावं.