तिसगावची कमाई कुणाच्या हिशेबात?

नगर जिल्ह्याची ओळख करून देताना जो तो प्रवरेपासून सुरुवात करतो. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, 1950 साली लोणीच्या माळावर उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना आणि त्याच्यामागोमाग आलेले कारखाने, दूध संघ, पतसंस्था. हे सगळे खरे आहे, पण त्यातले बरेचसे जिल्ह्याच्या उत्तरेचे आहे. नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागा, करंजी घाट उतरा आणि तिसगावपर्यंत या. एका अंगाला गर्भगिरीचे डोंगर, हलक्या जमिनी, पावसाच्या भरवशावरची बाजरी, तूर, कपाशी आणि विहिरीत पाणी उरलेच तर कांदा. कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग गावातून जातो, म्हणून बाजारपेठ आहे. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची खरेदी-विक्री इथे होते. सरकारी दफ्तरात जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे, बोलण्यात अजून नगरच आहे. आणि 17 हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याबद्दल, म्हणजे क्षेत्रफळाने राज्यातल्या सर्वांत मोठ्या जिल्ह्याबद्दल, एका वाक्यात जे बोलले जाते ते तिसगावला बहुधा लागू पडत नाही. गरिबीबद्दल आणि कामाबद्दल तर नाहीच.

“जिल्हा सधन आहे, मग गावाला काय धाड भरली?”

सरासरी ही चीज फसवी असते, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी सगळे सरासरीच वापरतात. देशाच्या 2022-23च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागातला माणशी मासिक खर्च सरासरी 3,773 रुपये निघाला. त्याच पाहणीत तळाच्या पाच टक्क्यांचा खर्च होता 1,373 रुपये आणि वरच्या पाच टक्क्यांचा 10,501. सरासरीच्या आकड्याइतका खर्च करणारे घर शोधायला गेलात तर दोन्ही टोकांपासून लांबच भटकत राहाल.

पण दरडोई जिल्हा उत्पन्नात याहून मोठी गोम आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. हे उत्पन्न जिथे निर्माण होते तिथे मोजतात. ते ज्याच्या घरी जाते तो कुठला, हे पाहत नाहीत. पाथर्डी तालुक्यातले जोडपे कोल्हापूर किंवा सांगलीच्या फडात ऊस तोडते, तेव्हा त्या कामाचे मोल कोल्हापूर-सांगलीच्या उत्पन्नात धरले जाते. बेळगावकडे गेले तर कर्नाटकाच्या. त्या पैशातून पत्र्याचे घर उभे राहते तिसगावच्या शिवारात. ज्या तालुक्याची निम्मी हालचाल बाहेर कमावण्याची, त्याची कमाई या आकड्यात धड सापडणारच नाही. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न वाढले म्हणून तिसगाव सुधारले आणि घटले म्हणून बुडाले, ही दोन्ही अनुमाने सारखीच कच्ची.

“बेरोजगारीचा दर कमी आहे, म्हणजे हाताला काम आहे”

2023-24च्या केंद्रीय श्रमबल पाहणीत पंधरा वर्षांवरील लोकांमध्ये ग्रामीण बेरोजगारी अवघी अडीच टक्के होती. आकडा खोटा नाही. तो काय मोजतो ते मात्र पाहायला हवे. हा दर वर्षभराच्या ‘नेहमीच्या स्थिती’च्या निकषाचा आहे, आणि त्यात वर्षभरात तीस दिवस जोडकाम केलेला माणूसही रोजगारवाला ठरतो. सासऱ्याच्या दोन एकरात बिनपगारी खुरपणारी सूनबाईही रोजगारवालीच. बेरोजगार ठरायला काम नसणे पुरत नाही. काम शोधत असणे किंवा त्यासाठी मोकळे असणे लागते. हातावर पोट असलेल्याला मोकळे बसणे परवडत नाही. तो मिळेल ते करतो: कांदा भरतो, शेळ्या वळतो, बांधकामावर जातो, मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेत पाटी घेऊन रेवड्या विकतो. बेरोजगारीची नोंद खरी दिसते ती पदवी घेऊन घरी बसलेल्या, भरतीच्या जाहिरातीची वाट पाहणाऱ्या पोरांत, कारण त्यांच्यामागे त्यांना बसवून पोसणारे कुणीतरी असते. गरीब घरात बेरोजगार कमी असतात, हे वाक्य ऐकायला विचित्र वाटले तरी व्याख्येनुसार अगदी बरोबर आहे.

“ज्याला शेत आहे तो गरीब कसा?”

याचे उत्तर थोडक्यात देता येते. 2018-19च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये होते. त्यात पिकाचे 3,798 आणि मजुरीचे 4,063. सातबारावर नाव असलेला माणूस पिकापेक्षा मजुरीवर जास्त कमावतो, आणि हा देशाचा हिशेब आहे, बारमाही पाटपाण्याचा मुलूख त्यात धरून. करंजी-तिसगाव पट्ट्यात प्रत्येक निवडणुकीत वांबोरी चारीच्या पाण्याचा विषय का निघतो, ते यावरून कळावे.

“दुष्काळ पडला की माणसे ऊसतोडीला जातात”

हा समज सर्वांत पक्का आणि सर्वांत चुकीचा. पाऊस चांगला झाला तरी टोळ्या निघतात. दसऱ्याला भगवानगडावर गर्दी होते (गड पाथर्डी तालुक्यातच आहे, बीडच्या हद्दीला लागून) आणि त्यानंतर तालुक्यातल्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. दुष्काळाने ही वाट पाडली असेल, पण आज माणसाला तिच्यावर चालवते ती उचल.

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाने, म्हणजे टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराने, दिलेली आगाऊ रक्कम. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. पावसाळ्याच्या आधी-नंतर घरात पैशाची निकड असते: बियाणे, लेकीचे लग्न, म्हाताऱ्याचे ऑपरेशन, अर्धवट राहिलेले घर. बँक त्या वेळी कागद मागते, मुकादम अंगठा. पैसे मिळतात आणि त्याच क्षणी पुढच्या हंगामाचे काम ठरून जाते. मग पाऊस पडो न पडो.

आता हिशेब. जानेवारी 2024मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने तोडणीच्या मजुरीत 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे 366 रुपयांवर गेला. एक कोयता पहाटेपासून राबून दिवसाला साधारण दोन टन तोडतो, मोळ्या बांधतो आणि त्या डोक्यावरून गाडीत भरतो. म्हणजे दोघांचे दिवसाला 732. समजा उचल एक लाखाची. 732ने भागले तर ती फिटायला 137 दिवस लागतात, तेही एकही खाडा न करता. आणि 2024-25चा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक आटोपला. चार महिने, फार तर 120 दिवस. त्यात गाडी पंक्चर झाली, कारखाना बंद पडला, बाई आजारी पडली, तर ते दिवस वजा. दर आठवड्याला बाजारहाटासाठी मुकादमाकडून घेतलेली खर्ची वर चढते. हातात रोख असे खेळते ते वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेले पैसे. एकही खाडा धरला नाही तरी हंगामाच्या शेवटी बारा हजार अंगावर राहतात. ते पुढच्या वर्षीच्या उचलीतून वळते होतात. मुकादमाचे वीस टक्के कमिशन कारखाना वेगळे देतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

हा माणूस वर्षाला लाखभर कमावतो असे कुणी म्हटले तर ते चूक नाही. पण तो पैसा काम करण्याआधीच खर्च झालेला असतो. फडावरून परतल्यावर हातात काही नसते आणि पुढे एप्रिल, मे, जून. गरिबी मोजायची तर वर्षाची बेरीज करून भागत नाही. या तीन महिन्यांत घरात काय शिजते ते पाहावे लागते. मी तर म्हणेन, या भागात ‘किती घरे गरीब?’ यापेक्षा ‘कोणत्या महिन्यात किती घरे गरीब?’ हा प्रश्न जास्त शहाणपणाचा आहे.

“पण तालुक्यात कारखाना आहे की!” आहे. आदिनाथनगरचा वृद्धेश्वर, दादापाटील राजळे यांनी उभा केलेला. एक कारखाना म्हणजे एका कारखान्यापुरते काम. आणि मजुराला ऊस कुठे आहे याहून उचल कोण देतो हे आधी बघावे लागते.

याच मातीतले बबनराव ढाकणे ऊसतोड कामगारांसाठी भांडत दिल्लीपर्यंत गेले, केंद्रात मंत्री झाले. पुढे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आले. गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असे ठरले. मुलांना फडावर न्यावे लागू नये म्हणून संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली: 41 तालुक्यांत 82, एक मुलांचे, एक मुलींचे. योजना बरी आहे. पण बारा वर्षांची मुलगी वसतिगृहात ठेवली तर फडावरच्या कोपीत (झोपडीत) धाकट्याला कोण सांभाळणार, हा प्रश्न आई विचारतेच.

“रोजगार हमी आहे, लोकांनाच काम नको”

हे वाक्य गावातले लोकच गावातल्या लोकांबद्दल म्हणतात. रोजगार हमी ही महाराष्ट्राची देणगी. वि. स. पागे यांची कल्पना, 1972च्या दुष्काळात तिने माणसे जगवली, 1977मध्ये कायदा झाला. केंद्राला तसा कायदा करायला 2005 उजाडावे लागले. हमीच्या मजुरीचा दर 2025-26साठी दिवसाला 312 रुपये ठरला. ऊसतोडीत माणशी 366 पडतात, म्हणजे फरक फार नाही, आणि इथे रात्री स्वतःच्या घरात झोपता येते. तरी माणूस फडाकडे जातो, कारण हमीची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, हजेरीपट वर गेल्यावर खात्यात येते. कायद्याने पंधरा दिवसांत, प्रत्यक्षात कधी त्याहून उशिरा. उचल कामाच्या आधी, एकरकमी, घरपोच. ज्याला आज पन्नास हजार हवेत त्याच्यापुढे पंधरवड्याचे चार हजार ठेवून ‘तुला कामच नको’ असे म्हणणे हा निव्वळ चावटपणा आहे.

“पिवळे कार्ड म्हणजे गरीब, केशरी म्हणजे बरे”

तिरंगी शिधापत्रिका 1999मध्ये आल्या. पिवळ्याला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 15,000, केशरीला एक लाख. आज 15,000 रुपयांत वर्ष काढणारे घर दाखवा. तरी कार्डे पिवळी आहेत, कारण ती पंचवीस वर्षांपूर्वीची परिस्थिती सांगतात. ‘दारिद्र्यरेषेखालील यादी’ म्हणून जी अजून उच्चारली जाते ती 2002च्या सर्वेक्षणाची. त्या वेळी तेरा प्रश्नांना गुण दिले गेले: घर कसले, कपडे किती, जेवण किती वेळा, पोटासाठी बाहेरगावी जाता का. यादीत ज्याचे नाव होते त्याची पोरे आता वेगळी राहतात, काहींचे बंगले झाले. आणि ज्याचे नव्हते तो यादी बदलेल म्हणून थांबला आहे.

धान्य ठरते ते अन्नसुरक्षा कायद्यातल्या ‘प्राधान्य कुटुंब’ आणि ‘अंत्योदय’ या वर्गांवरून. प्राधान्यात माणशी पाच किलो, अंत्योदयात कुटुंबाला 35 किलो. ग्रामीण प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नमर्यादा 44,000 ठरली होती. लाडक्या बहिणीला तीच मर्यादा अडीच लाख, आर्थिक मागास आरक्षणाला आठ लाख. मग तहसीलच्या दाखल्यावर कोणते उत्पन्न लिहायचे? दाखला कशासाठी हवा ते आधी विचारले जाते, एवढे सांगितले की पुरे. आणि तज्ज्ञांची दारिद्र्यरेषा वेगळीच: तेंडुलकर पद्धतीने 2011-12मध्ये ग्रामीण महाराष्ट्रासाठी माणशी महिना 967 रुपये, त्याखाली 24.22 टक्के लोक. त्या रेषेवरून कुणाला कार्ड मिळालेले नाही आणि कुणाचे गेलेलेही नाही. कार्डाचा रंग, दाखल्याचा आकडा आणि तज्ज्ञांची रेषा ही तीन स्वतंत्र मापे आहेत. चहाच्या टपरीवरच्या वादात ती एकच समजली जातात आणि म्हणून वाद मिटत नाही.

“निदान जनगणनेत तरी सगळे येतात”

2011ची जनगणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. त्या वेळी गाळपाचा हंगाम भरात असतो. मोजणीचा सगळा काळ जो घराबाहेर असेल त्याची नोंद घरी होत नाही. जिथे असेल तिथे व्हायची असते. म्हणजे वस्तीवरच्या कुलूपबंद घरातली माणसे कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत मोजली गेली, किंवा राहून गेली. गावात सापडले ते म्हातारे-कोतारे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडे. त्यावरून काढलेल्या ‘काम करणाऱ्यांच्या’ टक्केवारीला किती मान द्यायचा, ते ज्याने त्याने ठरवावे.

पुढची मोजणी फेब्रुवारी 2027मध्ये ठरली आहे, संदर्भ दिनांक 1 मार्च. म्हणजे पुन्हा ऐन गाळपात. मुकादमाच्या वहीत टोळी कुठल्या तळावर आहे ते लिहिलेले असते. महामंडळाच्या ओळखपत्रांसाठी ग्रामसेवकांकडेही कामगारांची नोंद होते. या दोन्ही याद्या तहसील कार्यालयात पोचवून प्रगणक तळांवर जातील याची खात्री दसऱ्याच्या आत करून घेता येईल. आणि 2011च्या फॉर्ममध्ये आधीच्या वास्तव्याचे ठिकाण आणि स्थलांतराचे कारण असे दोन रकाने होते. ते या वेळीही असतील तर कोपीतल्या माणसाने मुकादमाला बोलू न देता स्वतः उत्तर द्यावे: तिसगाव, तालुका पाथर्डी.