वाइनची बदलती अभिरुची आणि वाजवी किमतीची बाटली : नाशिक परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

द्राक्ष हे महाराष्ट्राच्या कृषी अर्थव्यवस्थेतील एक प्रमुख नगदी पीक होय. नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांत खाण्याच्या द्राक्षाची व बेदाण्याची परंपरा जुनी आहे. परंतु वाइनसाठी स्वतंत्र वाणांची लागवड हा त्या मानाने अलीकडचा अध्याय आहे. गेल्या चार दशकांत हा उद्योग उभा राहिला, फोफावला, कोसळला आणि पुन्हा सावरला. या काळात ग्राहकाची अभिरुचीही बदलत गेली. मात्र बाटलीची किंमत आणि तिच्यातील वाइनची प्रत यांचा नेमका संबंध काय, याविषयी ग्राहकवर्गात मोठा संभ्रम आढळतो. महाग ते उत्तम हा एक समज, तर स्वस्त ते फायद्याचे हा दुसरा. हे दोन्ही समज अपुरे आहेत. प्रस्तुत लेखात अभिरुचीतील बदलांचा मागोवा घेऊन बाटलीची ‘वाजवी’ किंमत कशी ओळखावी, याचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :

१. वाइनविषयक अभिरुचीत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
२. बाटलीच्या किमतीतील घटकांचे विश्लेषण करणे.
३. वाजवी किमतीच्या निवडीचे निकष स्पष्ट करणे.
४. ग्राहकाची निवड आणि द्राक्ष उत्पादकाचे हित यांचा परस्परसंबंध तपासणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. किमतीसंबंधीची उदाहरणे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेली आहेत. ती प्रत्यक्ष बाजारभाव नव्हेत.

जागतिक पातळीवरील बदल :

वाइनच्या इतिहासात १९७६ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी पॅरिस येथे स्टीव्हन स्परियर यांनी आयोजित केलेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी लेबल न पाहता वाइनचे गुणांकन केले आणि लाल व पांढऱ्या अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला क्रमांक मिळाला. नावलौकिक आणि प्रत या दोन गोष्टी भिन्न असू शकतात, हे या घटनेने जगापुढे आणले. पुढे ऑस्ट्रेलिया, चिली, अर्जेंटिना व दक्षिण आफ्रिका या देशांनी बाजारात आपले स्थान निर्माण केले.

एकीकडे उत्पादक देशांची संख्या वाढत असताना दुसरीकडे वाइनचा एकूण खप घटत आहे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील वाइनचा खप सुमारे २१.४ कोटी हेक्टोलिटर होता. १९६१ नंतरचा हा नीचांक होय. फ्रान्समध्ये १९६० च्या सुमारास दरडोई वार्षिक वापर १०० लिटरहून अधिक होता, तो आज निम्म्याहूनही कमी झाला आहे. लोक कमी पितात, पण जी पितात ती अधिक पारखून घेतात, असे या बदलाचे सर्वसाधारण स्वरूप आहे. जड, लाकडी पिंपात दीर्घकाळ मुरवलेल्या लाल वाइनकडून हलक्या, ताज्या पांढऱ्या, गुलाबी व फसफसत्या वाइनकडे ग्राहक वळला आहे. २०१३ पासून जगात लाल वाइनपेक्षा पांढऱ्या वाइनचे उत्पादन अधिक होत आहे.

अभिरुचीची ही लाट किमतीवरही परिणाम करते. जे नाव लोकप्रिय होते त्याची किंमत प्रतीपेक्षा वेगाने वाढते. याउलट जे नाव मागे पडते त्याची प्रत टिकून राहिली तरी किंमत फारशी वाढत नाही. शॅम्पेन ज्या पद्धतीने तयार होते, त्याच बाटलीतील दुय्यम किण्वनाच्या पद्धतीने स्पेनमध्ये ‘कावा’ व फ्रान्सच्या इतर प्रांतांत ‘क्रेमाँ’ तयार होते. तथापि ती पुष्कळ कमी किमतीत मिळते. वाजवी किमतीच्या शोधाचे हे पहिले सूत्र म्हणता येईल.

महाराष्ट्रातील वाटचाल :

भारतात वाइनचा दरडोई वापर चमच्याने मोजावा इतका अल्प आहे. अनेकांचा वाइनशी पहिला परिचय होतो तो गोव्यातील वा मुंबईतील गोड ‘पोर्ट’मधून. मूळ पोर्ट ही पोर्तुगालमधील दोउरू खोऱ्याची वाइन असून त्या क्षेत्राच्या सीमा १७५६ मध्येच निश्चित करण्यात आल्या. आपल्याकडील ‘पोर्ट’चा त्या खोऱ्याशी नावापुरताच संबंध आहे. स्वस्त, गोड आणि कडक अशी वाइनची जी प्रतिमा येथे रूढ झाली, तिचे मूळ बऱ्याच अंशी या पेयात आढळते.

कोरड्या, म्हणजे साखर जवळजवळ पूर्णपणे आंबलेल्या, वाइनचा प्रसार त्यानंतरचा. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने फसफसती वाइन तयार होऊ लागली. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी ‘सुला’ची स्थापना केली व २००० मध्ये तिच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. शेनिन ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाणांवर त्यांनी भर दिला. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्कची योजना आखली. त्यानंतर नाशिक जिल्ह्यात वाइनरींची संख्या झपाट्याने वाढली.

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, हिवाळ्यातील थंड रात्री व उबदार दिवस ही नाशिकची अनुकूलता होय. युरोपात वेल हिवाळ्यात विश्रांती घेते. नाशिकमध्ये ती थांबत नाही; म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशी दोनदा छाटणी करून पीक हिवाळ्यात आणले जाते व काढणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात होते.

२००८-०९ चा धडा :

या वाढीला २००८ च्या अखेरीस जबर धक्का बसला. जागतिक मंदी व २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर पर्यटन आणि हॉटेल व्यवसाय मंदावला. वाइनचा मोठा ग्राहक हाच व्यवसाय होता. टाक्या भरलेल्या राहिल्या आणि अनेक वाइनरींना करारातील द्राक्षे उचलणे अशक्य झाले.

येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावी लागते. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे व जाड सालीचे असते; ते टेबलावरचे फळ म्हणून विकले जात नाही. खाण्याच्या द्राक्षाला व्यापारी न मिळाल्यास बेदाणा करता येतो, दुसऱ्या बाजारात माल पाठवता येतो. वाइनच्या द्राक्षाला मात्र वाइनरी हाच एकमेव ग्राहक असतो. परिणामी त्या काळात अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागा तोडून पुन्हा खाण्याच्या वाणांची वाट धरली. बाग उभी करण्यास मांडव, ठिबक व कलमे यांसाठी मोठे भांडवल लागते आणि पहिले पूर्ण पीक यायला काही वर्षे जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे या तोडणीचे गांभीर्य उमगते. ग्राहकाला दुकानात शेजारची बाटली निवडता येते. तशी निवड या शेतकऱ्याला उपलब्ध नसते.

बाटलीच्या किमतीचे विश्लेषण :

७५० मिलिलिटरच्या एका बाटलीस साधारणतः एक ते सव्वा किलो द्राक्षे लागतात. द्राक्षाचा दर किलोला ४० रुपये व गरज १.२ किलो धरल्यास बाटलीत ४८ रुपयांची द्राक्षे असतात. ही बाटली ५०० रुपयांना विकली गेली तर शेतकऱ्याच्या मालाचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी ठरतो. उरलेली रक्कम काच, बूच, लेबल, खोके, वाहतूक, कर, वितरक व दुकानदार यांच्यात विभागली जाते. यांपैकी काच, बूच, खोके व वाहतूक यांचा खर्च स्वस्त आणि मध्यम बाटलीस जवळपास सारखाच येतो.

आता द्राक्षाचा दर दुप्पट, म्हणजे ८० रुपये, धरू. वेलीवरील घड विरळ करून एकरी उत्पादन कमी ठेवणाऱ्या बागायतदाराला असा वाढीव दर दिला, तर मूळ खर्चात केवळ ४८ रुपयांची भर पडते. कर व नफ्याचे प्रमाण मिळवून बाटली ६०० रुपयांच्या आसपास जाईल. म्हणजेच ग्राहकाने पाचवा हिस्सा अधिक दिला, तर बाटलीतील द्राक्षाचे मोल दुप्पट होऊ शकते. अगदी तळाच्या किमतीपेक्षा थोडी वरची पायरी ही बहुधा सर्वाधिक फायद्याची असते, याचे कारण हेच होय.

त्यापुढे मात्र हे प्रमाण बदलते. २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपातून सुमारे ३०० बाटल्या भरतात. पिंपाची किंमत ७५ हजार रुपये धरल्यास नव्या पिंपाचा भार बाटलीमागे २५० रुपये पडतो. तेच पीप तीन हंगाम वापरल्यास तो ८३ रुपयांवर येतो. द्राक्ष मुळात सकस असेल तर या खर्चाला अर्थ आहे, अन्यथा ग्राहक वाइनऐवजी लाकडाचे पैसे मोजतो. जड काचेची बाटली, नक्षीदार खोके व प्रसिद्धी यांवरील खर्चाने तर वाइनच्या प्रतीत काहीच भर पडत नाही.

आयात वाइनच्या बाबतीत सीमाशुल्क हा निर्णायक घटक ठरतो. भारतात हा दर दीर्घकाळ १५० टक्के राहिला. २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया करारान्वये पाच डॉलरहून अधिक किमतीच्या ऑस्ट्रेलियन बाटलीवरील शुल्क प्रथम १०० टक्क्यांवर आले व ते दहा वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. तोपर्यंत, सारख्या किमतीच्या आयात बाटलीत प्रत्यक्ष वाइनचे मोल देशी बाटलीपेक्षा कमी असण्याचीच शक्यता अधिक राहते.

निवडीचे निकष :

(अ) हंगामाचे वर्ष : शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ व गुलाबी वाइन ताजेपणीच चांगल्या लागतात. लेबलवरील वर्ष जितके अलीकडचे तितके उत्तम. जुनी वाइन म्हणजे चांगली वाइन हा समज या प्रकारांना लागू पडत नाही. सवलतीत मिळणारी तीन-चार वर्षांपूर्वीची साधी पांढरी वाइन बहुधा तोट्याचीच ठरते.

(आ) साठवण : उष्णता हा वाइनचा मोठा शत्रू आहे. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या दुकानात उभी राहिलेली बाटली मूळची कितीही चांगली असली तरी बिघडते. बूच वर आलेले असणे, तोंडाशी चिकट ओघळ दिसणे वा वाइनची पातळी उतरलेली असणे ही त्याची लक्षणे होत. विक्री जलद होणारे, थंड साठवण असलेले दुकान निवडावे.

(इ) फिरकीचे झाकण : असे झाकण हलक्या प्रतीचे लक्षण मानले जाते, ते चुकीचे आहे. ताज्या पिण्याच्या वाइनसाठी ते बुचापेक्षा अधिक विश्वसनीय असून बुचातून येणारा कुबट वास त्यात टळतो.

(ई) लेबलवरील शब्द : स्पेनच्या रिओहा प्रांतात लाल ‘रेसेर्वा’ वाइन किमान तीन वर्षे, त्यांपैकी एक वर्ष ओक पिंपात, मुरवणे बंधनकारक आहे. भारतात ‘रिझर्व्ह’ या शब्दामागे असे बंधन नाही. म्हणून शब्दापेक्षा द्राक्षाचे वाण, प्रदेश व वर्ष यांची माहिती देणारे लेबल अधिक विश्वासार्ह मानावे.

(उ) प्रदेशाला मानवणारे वाण : नाशिकमध्ये शेनिन ब्लाँ व शिराझ ही वाणे चांगली रुजली आहेत. जे वाण मातीला मानवते त्याला कमी खटाटोप लागतो आणि तो लाभ किमतीत उतरतो.

(ऊ) वापराचे प्रमाण : उघडलेली बाटली शीतकपाटातही दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. ओतून द्यावी लागणारी वाइन सर्वांत महाग होय. अशा वेळी ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली किफायतशीर ठरते.

सामाजिक बाजू :

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दालनांत वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याचे हित हे त्याचे समर्थन होते. तर व्यसनाधीनतेची भीती हा विरोधाचा मुद्दा होता. तीव्र विरोधामुळे तो निर्णय प्रत्यक्षात आला नाही. या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे गांभीर्याने घेण्याजोगे आहे. वाइनमध्ये सर्वसाधारणपणे १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो आणि मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा शेतकऱ्याचे उत्पन्न केवळ खप वाढवून साधावे, हा मार्ग सदोष ठरतो. कमी प्रमाणात, परंतु अधिक प्रतीची वाइन आणि तीमधील द्राक्षाला अधिक दर, हा मार्ग आरोग्य व शेती या दोहोंच्या दृष्टीने अधिक सुसंगत वाटतो.

निष्कर्ष :

१. अभिरुचीचा कल गोड व जड वाइनकडून ताज्या, हलक्या व कोरड्या वाइनकडे झुकला असून नाशिकच्या पांढऱ्या वाणांना तो अनुकूल आहे.
२. अतिस्वस्त बाटलीत द्राक्षाचा वाटा नगण्य असतो, तर अतिमहाग बाटलीत लाकूड, काच व प्रसिद्धी यांचा वाटा वाढतो. वाजवी बाटली बहुधा या दोहोंच्या मध्ये आढळते.
३. हंगामाचे वर्ष, साठवण व वाण या तीन गोष्टी पाहणारा ग्राहक केवळ किंमत पाहणाऱ्यापेक्षा क्वचितच फसतो.
४. वाइनच्या द्राक्षाला दुसरा बाजार नसल्याने किमतीच्या स्पर्धेचा पहिला फटका उत्पादकास बसतो. त्यामुळे करारातील दर प्रतीशी जोडणे व माल उचलण्याची हमी देणे आवश्यक आहे.

सारांश, वाजवी किंमत ही ग्राहकाच्या खिशापुरती मर्यादित संकल्पना नाही. ज्या किमतीत पिणाऱ्याला प्रत मिळते आणि पिकवणाऱ्याला पुढील वर्षी बाग राखण्याचे बळ मिळते, तीच खऱ्या अर्थाने वाजवी होय. २००९ नंतर तोडल्या गेलेल्या बागा याची आठवण करून देतात.