गोल नसलेल्या कणांचं गणित

गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ साली सोन्याच्या कलिलांचे रंग उलगडताना गोल कणावरून प्रकाश कसा विखुरतो याचं काटेकोर उत्तर काढलं. ते उत्तर इतकं देखणं होतं की धूळ, काजळी, बर्फाचे स्फटिक अशा सगळ्यांनाच गोल मानायची सवय लागली. १९४९ मध्ये हिल्टनर आणि हॉल यांना दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश किंचित ध्रुवित झालेला आढळला. साध्या गोल कणांना हे जमत नाही. सरळ आपल्याकडे येणाऱ्या प्रकाशातलं एका दिशेचं कंपन ते दुसऱ्याहून जास्त अडवत नाहीत. त्यासाठी वाटेतले कण लांबट आणि बहुतांशी एकाच रोखाने उभे असावे लागतात. एडवर्ड पर्सेल आणि कार्लटन पेनीपॅकर यांनी १९७३ साली मांडलेली पद्धत म्हणूनच मोलाची: तिच्यात कणाचा आकार सूत्राच्या सोयीसाठी बदलावा लागत नाही.

ही पद्धत कणाच्या जागी बिंदूंची जाळी ठेवते. प्रकाश पडला की प्रत्येक बिंदू इवलासा द्विध्रुव होतो. त्याच्यावर बाहेरच्या प्रकाशाचा परिणाम होतो, तसाच इतर सर्व बिंदूंचाही. प्रत्येक बाजूला ३२ बिंदू घेतले तर ३२,७६८ द्विध्रुव आणि प्रत्येकाचे तीन घटक धरून ९८,३०४ अज्ञात संख्या होतात. त्यांच्या समीकरणांचा तक्ता पुरा लिहायचा तर ९६६ कोटींहून जास्त घरं भरावी लागतील! पण दोन बिंदूंचा परस्परांवरचा परिणाम त्यांच्यातल्या अंतरावर आणि दिशेवरच ठरतो, आणि जाळीत तीच अंतरं पुन्हा पुन्हा येतात. १९९१ साली गुडमन, ड्रेन आणि फ्लाटाऊ यांनी हे हेरून जलद फूरिये रूपांतर वापरलं, आणि आवाक्याबाहेरचं गणित आवाक्यात आलं.

गोल कणाचं उत्तर नेमकं आणि हे अंदाजी, मग ते का सोडायचं, हा आक्षेप वाजवी आहे. १९७४ साली हॅन्सन आणि होवेनियर यांनी शुक्राच्या ढगांत गंधकाम्लाचे सुमारे एक मायक्रॉन त्रिज्येचे थेंब असल्याचं गोल कणांच्या गणितावरूनच दाखवलं. पण ते थेंब द्रवाचे, म्हणजे खरोखरच गोल होते. शिवाय जाळीतली चूक बिंदू वाढवून तपासता येते. आकारच चुकीचा धरला असेल तर गोलाची सूत्रं कितीही बारकाईने सोडवा, ती चूक दिसतच नाही. धातूंसारख्या उच्च अपवर्तनांकाच्या पदार्थांत मात्र ही पद्धत अडखळते, हे मान्य करायला हवं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत रंजन गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकेटच्या कणात ग्रॅफाइटचे तुकडे रुतलेले कल्पून ताऱ्यांचा प्रकाश किती अडतो हे याच पद्धतीने काढलं; तसा मिश्र, ओबडधोबड कण एकजिनसी गोलाच्या सूत्रात बसवताच आला नसता.