सायकल वस्तीची, रस्ता कुणाचा?

पहाटे पाचला घाटकोपर, भांडुप किंवा मुलुंडच्या कुठल्याही नाक्यावर उभे राहा. दुधाच्या पिशव्या हँडलला अडकवून एक जण जातो. मागोमाग पेपरचे गठ्ठे कॅरिअरला बांधलेला पोरगा, मग पाववाला. सहाच्या पुढे रात्रपाळी संपवून घरी निघालेले सुरक्षारक्षक दिसू लागतात. दहा वाजता अंधेरी स्टेशनबाहेर डबेवाले सायकली लावतात, आणि रात्री उशिरा कॅरिअरवर चहाची किटली घेऊन फिरणारा असतोच. ‘मुंबईत सायकल चालवतो कोण?’ असे विचारणाऱ्या साहेबांना ही माणसे दिसत नाहीत, कारण त्या वेळी साहेब झोपलेले असतात.

या पानावर आपण मधुमेह आणि रक्तदाबाबद्दल बोलतो तेव्हा ‘व्यायाम करा’ हे वाक्य येतेच. पण वस्तीत हा उपदेश सरसकट चालत नाही. जो दिवसभर ओझी उचलतो, गटारे साफ करतो, चार घरची धुणीभांडी करतो, त्याच्या शरीराला विश्रांती आणि पोटभर सकस अन्न हवे असते. व्यायामाची गरज आहे ती बारा तास खुर्चीवर बसणाऱ्या सुरक्षारक्षकाला, रिक्षा आणि टॅक्सी चालवणाऱ्याला, दहा बाय बाराच्या खोलीत शिलाई किंवा पॅकिंगचे काम करणाऱ्या भगिनीला, आणि मोबाईलमध्ये मान घालून बसलेल्या आपल्या मुलांना. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि तिघा प्रौढांमागे साधारण एकाला उच्च रक्तदाब. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. मुलांना रोज एक तास.

सायकलने हा अर्धा तास कामावर जाता-येताच भरून निघतो. मांड्यांचे स्नायू हे शरीरातले सर्वांत मोठे. ते चालू लागले की रक्तातली साखर वापरतात. शरीराचे वजन सीटवर राहत असल्याने धावण्याइतका ताण गुडघ्यांवर येत नाही. जिमची फी नाही, रिक्षाचे भाडेही वाचते.

आता ‘बाईक शेअरिंग’ नावाची गोष्ट नवी म्हणून सांगितली जाते. पण ज्यांचे बालपण वस्तीत गेले त्यांना भाड्याच्या सायकलचे दुकान आठवत असेल. मळकी वही, त्यात नाव आणि वेळ, तासाचे आठ आणे किंवा रुपया. पाय पुरत नसत म्हणून नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलो आपण. दुकानदार तुमच्या वडिलांना ओळखायचा, हीच अनामत. ती दुकाने गेली, पंक्चरवाला तेवढा उरला.

त्यांच्या जागी आता मेट्रो स्थानकाखाली उभ्या असलेल्या सायकली आल्या आहेत. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या जागृती नगर स्थानकावर २०२१ मध्ये ‘मायबाईक’च्या सायकली सुरू झाल्या आणि मग त्या मार्गावरच्या इतर स्थानकांवरही आल्या. दहिसर-अंधेरीच्या नव्या मेट्रोत तर स्वतःची सायकल डब्यात घेऊन जाता येते. कल्पना चांगली आहे. स्थानक ते घर हे शेवटचे दीड-दोन किलोमीटर शेअर रिक्षाच्या रांगेत जातात, ते सायकलवर दहा मिनिटांत होतात. पण कुलूप उघडायला स्मार्टफोन लागतो, त्यात अ‍ॅप आणि ऑनलाईन पैसे लागतात. साधा फोन वापरणाऱ्या मावशींसाठी ती वहीच बरी होती. पुण्यात २०१७-१८ मध्ये अशा रंगीबेरंगी सायकली मोठ्या गाजावाजाने आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकली आणणे सोपे, रस्ता देणे अवघड.

रस्त्याचा आपला अनुभव काय? वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने २०११ च्या सुमारास तेरा किलोमीटरचा सायकल मार्ग बांधला. त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि पुढे रस्ता रुंद करण्यासाठी तो उखडला गेला. पवई तलावाभोवतीच्या सायकल मार्गाचे काम उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवले, कारण ते तलावाच्या पाणथळ भागावर होते.

तिसरा मार्ग मात्र थेट आपल्या उंबऱ्यातून जातो. तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंडपासून शीव-धारावीच्या दिशेने सुमारे ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग महापालिकेने २०१७ मध्ये जाहीर केला, खर्च तेव्हा सुमारे ३०० कोटी सांगितला होता. जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर जागा मोकळी करायची, आणि तिथे पुन्हा झोपड्या उभ्या राहू नयेत म्हणून सायकल मार्ग. ‘सायकलसाठी आमची घरे तोडली’ असे पाईपलाईनलगतचे लोक म्हणतात. काटेकोरपणे पाहिले तर घरे हटवण्याचा आदेश त्याआधीचा आहे. पाणीपुरवठ्याच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने तो दिला होता. सायकल मार्ग नंतर आला. पण ज्याच्या डोळ्यांदेखत घर पडले आणि त्याच जागी सायकल मार्गाची पाटी लागली, त्याला हा फरक कसा समजावणार?

आणि ती कुटुंबे गेली कुठे? हजारो जणांना माहुलच्या इमारतींत घरे देण्यात आली. माहुलच्या एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, दुसरीकडे रसायनांच्या टाक्या. केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये तिथल्या रहिवाशांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असे सांगितले होते. डोळे चुरचुरणे, छाती भरून येणे याच्या तक्रारी त्याहून जास्त. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच इथली हवा आरोग्याला घातक असल्याचे नोंदवले होते. तरीही लोकांना तिथे पाठवले गेले. २०१८ च्या ऑक्टोबरपासून माहुलच्या रहिवाशांनी विद्याविहारला जलवाहिनीजवळच्या पदपथावर ठाण मांडले. बायका, म्हातारी माणसे, शाळेतली पोरे, सगळी तिथेच. अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की कुणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही, आणि पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५ हजार रुपये भाडे व ४५ हजार अनामत द्या.

शहराच्या फुप्फुसांसाठी म्हणून आखलेल्या मार्गाच्या कडेची माणसे धाप लागणाऱ्या जागी गेली, आणि सलग ३९ किलोमीटरचा मार्ग अजूनही झालेला नाही. काही तुकडे तेवढे तयार आहेत. आपल्या पानाने यावरून ‘सायकल मार्ग नको’ असे म्हणावे, असे मला वाटत नाही. मार्ग हवाच, आणि त्याचे पहिले हक्कदार त्याच्या कडेला राहणारे लोक असावेत.

हॉलंडचे नाव सायकलींसाठी घेतले जाते. तिथेही हे आपोआप झालेले नाही. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात चारशेहून अधिक मुले रस्त्यावर मेली. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ हेच त्यांच्या आंदोलनाचे नाव होते. आजचे सायकल मार्ग त्या रेट्यातून आले आहेत. आपल्याकडे वॉर्ड ऑफिसमध्ये नाल्याचा आणि नळाचा अर्ज जातो, तसा शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याचाही जायला हवा. शाळा, विहार, स्टेशन यांना जोडणारा एकच रस्ता निवडा, फोटो लावा, शंभर सह्या घ्या.

तोवर जे चालवतात त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. सीट खूप खाली असेल तर गुडघे दुखतात. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच हवी. मागचा लाल रिफ्लेक्टर आणि पुढचा दिवा यांवर खर्च करा. पहाटे आणि रात्री डंपरवाल्याला तुम्ही दिसणे हेच तुमचे आयुष्य. डंपर किंवा बसच्या डाव्या अंगाने कधीही पुढे घुसू नका, वळताना चालकाला ती बाजू दिसत नाही. हिवाळ्यात अगदी पहाटे धूर जमिनीलगत साचलेला असतो, म्हणून केवळ व्यायामासाठी निघणाऱ्यांनी ऊन वर आल्यावर आणि एलबीएस मार्ग किंवा हायवे टाळून आतल्या गल्ल्यांतून जावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. छातीत दुखले, डावा हात भरून आला तर तिथेच उतरा आणि रुग्णालय गाठा. चाळिशीपुढच्यांनी सुरुवात करण्याआधी महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’त रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी.

अपघात झालाच तर एक माहिती घराघरांत असायला हवी. गाडीवाला ठोकून पळाला आणि नंबर मिळाला नाही, तरी केंद्राच्या २०२२ च्या योजनेखाली मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठी पोलिसांत गुन्हा नोंदलेला हवा आणि रुग्णालयाचे कागद जपलेले हवेत. गाडी सापडली तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करता येतो, तो सहा महिन्यांच्या आत केलेला बरा. सायकलला लायसन्स लागत नाही, म्हणून ‘सायकलवाल्याला काही मिळत नाही’ असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

राहिला प्रश्न आपल्या मुलींचा. दहा-अकरा वर्षांपर्यंत त्या गल्लीत भावाची सायकल पळवतात, मग एक दिवस ‘आता मोठी झालीस’ म्हणून ती काढून घेतली जाते. ज्या समाजाने सावित्रीमाईंचा फोटो घरात लावला आहे, त्याला हे शोभत नाही. घरात सायकल ठेवायला जागा नसते हे खरे, बाहेर ठेवली तर चोरीला जाते हेही खरे. मग विहाराच्या आवारात चार जुन्या सायकली, एक पंप आणि पंक्चरचे सामान ठेवता येईल. रविवारी वंदना झाली की तासभर मुली आणि त्यांच्या आयांनी शिकावे, आणि वहीत नाव लिहून सायकल न्यावी. जयंतीला डीजेचे एका रात्रीचे भाडे किती जाते आणि तेवढ्यात जुन्या बाजारातल्या किती सायकली येतात, हा हिशेब मंडळाच्या पुढच्या बैठकीत करून पाहा.