गंजाची चाळीस वर्षं

सोलापूर जिल्ह्यातल्या मंद्रूपकडे बोअर मारला की पहिली धास्ती पाणी लागेल का याची. लागलंच तर तक्रार मचूळपणाची. काळ्या पाषाणाच्या या मुलखात पाण्याचा दोष निदान जिभेला कळतो. गंगेच्या गाळावरच्या बंगालचं उलटं झालं. तिथं हातपंपाला थोड्या खोलीवरच मुबलक, नितळ पाणी लागलं आणि त्यातल्या आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे तळहात खडबडीत झालेले, अंगभर ठिपके पडलेले खेडूत येऊ लागले. कारण निघालं हातपंपाचं पाणी. पुढे जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्तींनी आयुष्य असे हातपंप तपासण्यात घातलं. 1993 मध्ये बांगलादेशातही आर्सेनिक सापडलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं मर्यादा लिटरमागे 50 मायक्रोग्रॅमवरून 10 वर आणली.

उतारा मात्र अगदी स्वस्त होता: लोखंड. ते पाण्यात गंजतं, गंजाचे कण आर्सेनिकला धरून ठेवतात आणि मग ते कण गाळायचे किंवा तळाशी बसू द्यायचे. अडचण एकच, भूजलातलं बरंचसं आर्सेनिक अशा रूपात असतं की ते सहजी चिकटत नाही. गंजण्याच्या ओघातच त्यातलं काही चिकटणाऱ्या रूपात बदलतं, हे या रसायनाचं मोठं औदार्य.

या जोरावर बांगलादेशात एकावर एक तीन कळशा रचून लोखंडाच्या किसातून पाणी गाळलं गेलं. अबुल हुसाम यांच्या ‘सोनो’ फिल्टरला 2007 मध्ये अमेरिकेत दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. पवईच्या आयआयटीत प्रा. संजीव चौधरींनी तर साधे लोखंडी खिळे वापरले, विजेशिवाय. ते फिल्टर बंगालच्या खेड्यांत बसले. हा प्रयोग महाराष्ट्रात फारसा कुणाला ठाऊक नाही, याचं मला नवल वाटतं.

पण घरोघरचा फिल्टर तुंबला की तो साफ कोण करणार? रसायन जिंकलं आणि गाडं अडलं ते इथं. मुंबईत शिकून बर्कलीला स्थिरावलेल्या अशोक गाडगीळांनी हा प्रश्न उपकरणाइतकाच गंभीर मानला. आधी त्यांनी कोळशाच्या राखेवर गंजाचा लेप देऊन पाहिला. मग लोखंडी पट्ट्यांतून वीज सोडून पाण्यातच हवा तेवढा गंज तयार करायचा मार्ग धरला. 2016 मध्ये दक्षिण 24 परगण्यातल्या धपधपीच्या शाळेच्या आवारात दिवसाला 10,000 लिटरचा प्रकल्प उभा राहिला. अडीचशेच्या घरातलं आर्सेनिक दहाच्या खाली आलं. पाणी माफक दरात विकायचं आणि त्यातून चालवणाऱ्याचा पगार व दुरुस्ती भागवायची, असा हिशेब. पाणी विकायचं म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात. पण फुकट दिलेली यंत्रं बंद पडतात तेव्हा त्यांना धनी नसतो.

2023 मध्ये गाडगीळांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. तोवर त्यांच्या गटानं हवेतल्या ऑक्सिजनपासून जागेवरच हायड्रोजन पेरॉक्साइड बनवून गंज धरण्याचा वेग वाढवला आणि तासांचं काम मिनिटांवर आणलं होतं. त्याची चाचणी झाली ती कॅलिफोर्नियातल्या ॲलन्सवर्थ या शेतमजुरांच्या गावात, कारण तिथल्या विहिरींतही आर्सेनिक आहे.