गटाच्या कॉम्प्युटरचं घड्याळ



कर्जाच्या हप्त्याचा शेवटचा दिवस, आणि आमच्या गटाच्या कॉम्प्युटरवर बँकेचं पान उघडेना. आम्हाला वाटलं, रेंज नाही. बघतो तर तारीख काही वर्षं मागे! कॉम्प्युटरच्या आतला बटणासारखा सेल संपला होता. तारीख चुकली की कॉम्प्युटरला बँकेच्या पानाची खात्री पटत नाही, म्हणून तो ते उघडत नाही. आम्ही हाताने तारीख बरोबर केली आणि हप्ता वेळेत भरला.

एरवी हे घड्याळ इंटरनेटवरून जुळतं. कॉम्प्युटर दूरच्या अचूक घड्याळाला वेळ विचारतो. प्रश्न जाऊन उत्तर यायला १ सेकंद लागला, तर आलेल्या वेळेत अर्धा सेकंद मिळवतो. एवढं काही सेकंदांत होतं. पण वाटेतली गर्दी कमीजास्त होते, म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारतो. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत जुळायला कधी कधी काही तास जातात. आपल्या कामाला तेवढं लागत नाही. तारीख आणि मिनिट बरोबर असलं की पुरे.

म्हणून सेल बदलून घ्या. तारीख फार मागे असेल तर आधी हाताने लावा, मग ‘आपोआप वेळ’ चालू करा. आणि हप्ता भरायला बसताना आधी कोपऱ्यातली तारीख बघा.