फुले पिवळी, छायाचित्र निळसर

कुकटपल्लीला माझी मावसबहीण राहते. काही वर्षांपूर्वी बतुकम्माच्या दिवसांत मी हैदराबादला तिच्याकडे मुक्कामी होतो. तेलंगणाचा हा नऊ दिवसांचा पुष्पोत्सव महालय अमावास्येला सुरू होतो. ताटात फुलांचे थर रचायचे आणि त्याभोवती स्त्रियांनी फेर धरायचा. त्या थरांत मान तंगेडूचा, म्हणजे आपल्या तरवडाच्या पिवळ्याधमक फुलांचा. जोडीला कुरडूचे तुरे आणि झेंडू. बहिणीच्या सासूबाई मोतिया साडी नेसून थर रचत होत्या. मी जवळ जाऊन, फुलांनी चौकट भरून, त्यांची पाच-सहा छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्यात २०० आयएसओचा साधा रंगीत रोल होता.

रोल तिथल्याच एका लॅबमध्ये धुवायला दिला. प्रिंट हाती आले आणि मन खट्टू झाले. फुले मळकट, साडी निळसर, सासूबाईंच्या पांढऱ्या केसांवर तर कोणी शाई शिंपडल्यासारखे दिसत होते. ‘फिल्म खराब निघाली,’ असे काउंटरवरच्या मुलाने सांगितले आणि मीही ते मानले.

दोष फिल्मचा नव्हता. निगेटिव्हवरून प्रिंट काढणारे यंत्र एका गृहीतावर चालते: कोणत्याही दृश्यातील सगळे रंग एकत्र मिसळले तर साधारण करडा रंग उरतो. रस्ता, माणसे, झाडे, आकाश अशा सरमिसळीच्या दृश्यात हे बरेचसे खरे ठरते. परंतु चौकट तरवड आणि झेंडूने भरलेली असली की यंत्राला वाटते, हा प्रकाशाचा दोष आहे. ते पिवळेपणा ‘दुरुस्त’ करण्यासाठी निळा मिसळते. फुलांचे तेज जाते आणि जे पांढरे असते ते निळे पडते. पावसाळ्यात हिरव्यागार शेतात उभ्या केलेल्या माणसाचा चेहरा प्रिंटमध्ये जांभळट का येतो, याचेही उत्तर हेच.

म्हणून रंगीत रोलचा न्याय प्रिंट पाहून करू नये, निगेटिव्ह पाहून करावा. त्यासाठी एक सोपी खूण आहे. फिल्मच्या कडेला तिचे नाव व चौकटींचे क्रमांक असतात. ते कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात आणि रोल धुतल्यावर उमटतात. ही अक्षरे ठसठशीत असूनही चित्र फिकट असेल, तर प्रकाश कमी दिला गेला; चूक आपली. अक्षरेही पुसट असतील, तर धुण्यात उणीव राहिली, चूक लॅबची. रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ ही पद्धत १९७२ साली आली. तिच्यातील डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसवर सव्वातीन मिनिटे चालतो, आणि त्यात थोडीही ढिलाई खपत नाही. ज्या लॅबकडे आठवड्याला जेमतेम दोन-चार रोल येतात तिथले रसायन पडून पडून निकामी होते. तेव्हा दर विचारण्याआधी ‘रोल किती येतात?’ हे विचारावे.

फिल्म निवडताना लोक नाममुद्रेवर वाद घालतात. माझ्या मते प्रकाश कोणता आणि विषय कोणता, एवढे पाहिले तरी पुरे. भर उन्हात कोडॅक गोल्ड २०० उत्तम. चेहऱ्यांसाठी पोर्ट्रा ४०० सौम्य आणि उदार आहे. एक्टार १०० चे रंग गडद. शिगम्याच्या मिरवणुकीला ते शोभतात, पण त्वचेला तांबूस छटा देतात. आपल्याकडच्या ढगाळ जून-जुलैत ४०० पेक्षा कमी आयएसओ घेऊन बाहेर पडू नये. कोणतीही रंगीत निगेटिव्ह जास्त प्रकाश दोन स्टॉपपर्यंत सहज सोसते. कमी प्रकाश मात्र एक स्टॉपही सोसत नाही, सावल्या चिखलासारख्या होतात. शंका असेल तिथे एक स्टॉप जास्तच द्यावा. स्लाइड फिल्मला हा नियम लावू नये. तिथे अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. सिनेमाच्या मोठ्या रिळांतून कापून भरलेले रोल स्वस्तात मिळतात. त्यांच्या पाठीवर बहुधा काळा कार्बनचा थर असतो आणि त्यांची धुण्याची पद्धत वेगळी, ईसीएन-२. तो थर न काढता असा रोल सी-४१ च्या यंत्रात गेला, तर थर सुटून रसायन गढूळ होते आणि त्या दिवशीचे इतरांचे रोलही बिघडतात. कोणाच्या तरी लग्नाचा रोल त्यात असू शकतो. लॅबला आधी सांगणे हे केवळ सौजन्य नव्हे.

विमानाने जाणाऱ्यांनी रोल हातातल्या सामानात ठेवावेत आणि हाताने तपासण्याची विनंती करावी. चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकू नयेत. आपल्या दमट हवेत न वापरलेले रोल बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत, आणि बाहेर काढल्यावर तासाभराने डबा उघडावा. नाहीतर फिल्मवर दव धरते.

कुकटपल्लीच्या त्या छायाचित्रांची निगेटिव्ह्ज मी सुदैवाने मागून घेतली होती. अनेक ग्राहक ती नेतच नाहीत आणि काही काळाने लॅबवाले ती टाकून देतात. पुढच्या बतुकम्माला सासूबाई राहिल्या नव्हत्या. बहिणीने त्यांचा एखादा चांगला फोटो मागितला तेव्हा मी ती पट्टी काढून खिडकीशी धरली. कडेची अक्षरे स्वच्छ होती, चित्रही दाट होते. दुसऱ्या लॅबमध्ये गेलो आणि चिठ्ठीवर लिहून दिले: ‘आपोआप रंगदुरुस्ती बंद ठेवावी. साडी मोतिया आहे, केस पांढरे आहेत. ते जुळवून बाकीचे रंग येतील तसे येऊ द्यावेत.’ तिथल्या कारागिराने दोन छोटे नमुने काढून दाखवले. दुसऱ्यात तरवड पिवळा होता.

तो प्रिंट आता कुकटपल्लीच्या घरात देवघराशेजारच्या भिंतीवर आहे. निळा प्रिंटही बहिणीने टाकलेला नाही; तो तिने त्याच चौकटीच्या मागे सरकवून ठेवला आहे.